तोंड आलंय आणि शुगरही आहे, मग जेवायचं काय?

जिभेची सालटं निघाली की आपल्याकडे सल्ला ठरलेला, पेज घे, दूधभात खा, केळं कुस्करून खा, तिखट बंद कर. ज्याला शुगर नाही त्याला हे चालून जातं. पण डायबेटिसवाल्या माणसाने चार दिवस नुसती पेज आणि मऊ भात खाल्ला की शुगर चढते, शुगर चढली की लघवी जास्त होते, तोंड कोरडं पडतं, लाळेतली साखरही वाढते आणि तोंडातल्या बुरशीला तेच हवं असतं, मग जीभ अजून लाल, अजून चरचर, म्हणून परत पेजच. हे चक्र तोडायचं तर मऊपणा तांदळातून न आणता अंडं, मासा, डाळ, दही आणि नारळाच्या दुधातून आणायचा. एवढं धरून ठेवलं की बाकीचं जमतं, आणि कोकणातल्या घरात हे सामान आणायला वेगळं कुठे जावंच लागत नाही.

आधी काय झोंबतं ते बघू, कारण लोक मिरची बंद करतात आणि बाकीचं सगळं चालू ठेवतात. कोकम, चिंच, कैरी, लिंबू, बिंबलं, टोमॅटो हे सगळं आंबट बंद. तिरफळ तर बंदच, चांगल्या जिभेलाही मुंग्या आणतं ते. खारवलेला बांगडा, सुकट, लोणचं, सांडगी मिरची यातलं मीठ जखमेवर बसतं. अळू आणि सुरण खाजरे असतात, एरवी आपण त्यात चिंच कोकम घालून खाज मारतो पण आता आंबट घालता येत नाही, त्यामुळे ते पण नको. अननसही नको. पापड, फरसाण, कडक टोस्ट, भाकरीच्या करपलेल्या कडा यांनी चरे पडतात. आणि गरम! वाफाळता चहा आणि ताटात आलेली उकळती कढी हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, जेवण कोमट किंवा गार करून घेतलं तर निम्मी तक्रार तिथेच कमी होते असा माझा अनुभव आहे.

मग चव कुठून आणायची? आमच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच होता, "तिखट नाय, आंबट नाय, तर ती कढी कसली गो?" चव वासातून आणायची. हळदीचं पान, तुपातली जिऱ्याची फोडणी, धणे, चिमूटभर हिंग, बारीक वाटलेली कोथिंबीर. मालवणी मसाला थोडासा घालून बघू असं करू नका, त्यात मिरचीच जास्त असते आणि लवंग मिरी पण असते.

माशाची कढी अशी करायची. मासे आधी कोकमाच्या पाण्यात पाच दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुवून घ्यायचे, म्हणजे हिवस वास जातो आणि कोकम कढीत येत नाही. ओलं खोबरं, धणे, हळद गंधासारखं बारीक वाटायचं, रवाळ राहिलं तर जिभेला टोचतं. नारळाच्या दुसऱ्या पातळ दुधात ते वाटण शिजवायचं, हळदीच्या पानाची गाठ मारून टाकायची, मग मासे, मीठ बेताचं, आणि पहिलं जाडं दूध गॅस बंद करून मग घालायचं नाहीतर फुटतं. ज्यांना हार्टचा त्रास आहे किंवा कोलेस्टेरॉल जास्त आहे त्यांनी जाडं दूध सोडून द्यावं, पातळ दुधातही कढी होते. मासा कुठला, तर ताजा बोंबील सगळ्यात बेस्ट, हळदीच्या पानात गुंडाळून मोदकपात्रात वाफवला की मधला काटा अख्खा ओढून काढता येतो आणि मासा न चावता गिळता येतो. सुरमई, रावस पण चालेल. पेडवे, मुडदुशा चवीला कितीही गोड असल्या तरी बारीक काटे जिभेत घुसतात, आणि तिसऱ्या (शिंपल्या) रबरासारख्या चावाव्या लागतात, या बऱ्या झाल्यावर.

जून जुलैमधे मासेमारी बंद असते तेव्हा अंडी आहेतच. त्याच मोदकपात्रात अंड्याची वाफवलेली वडी करा, दोन अंडी हलकेच फेटायची (फेस नको), अर्धी वाटी नारळाचं पातळ दूध किंवा साधं दूध, चिमूटभर मीठ जिरेपूड, गाळणीतून गाळून वाटीत ओतायचं, वर ताटली झाकून मंद आचेवर दहा बारा मिनिटं. मोठ्या आचेवर ठेवलं तर जाळी पडून रबर होतं. दोन अंड्यात साधारण १२ ग्रॅम प्रोटीन येतं आणि साखर जवळजवळ नाहीच.

शाकाहारी लोकांसाठी, खरं म्हणजे सगळ्यांसाठीच, कुळथाची पिठी. कुळथात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन आहे. नेहमीच्या पिठीतलं कोकम आणि मिरची वगळायची, लसूण कच्चट न ठेवता तुपात मऊ शिजवून घ्यायचा, पीठ आधी गार पाण्यात कालवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि शेवटी थोडं नारळाचं दूध. सालवाल्या मुगाची डाळ नीट घोटून, दुधी पडवळ घोसाळी किंवा तांबड्या भोपळ्याची थोडी फोड डाळीतच शिजवून, मऊ पनीर कुस्करून, असं सगळं चालतं.

आता पेज. ती सोडा असं कोणी सांगितलं तर कोकणी माणूस ऐकणार नाही, म्हणून तिची रीत बदला. उकडा तांदूळ घ्या, पॉलिशच्या पांढऱ्या तांदळापेक्षा तो साखर जरा सावकाश चढवतो. तांदूळ निम्मा करून निम्मी मुगाची डाळ घाला. आणि फार शिजवून लापशी करू नका, धान्य जितकं गळून जातं तितकी साखर लवकर रक्तात जाते. नाचणीच्या आंबिलीचंही तसंच आहे, नाचणी शुगरला चांगली म्हणून लोक मोठा पेला भरून पितात पण बारीक दळलेलं पीठ शिजवलं की ते पटकन पचतं, त्यामुळे छोटी वाटी, गोड म्हणजे आंबट न झालेल्या ताकात, गूळ नाही. जेवताना आधी अंडं मासा डाळ भाजी आणि मग शेवटी पेज किंवा भात, हा क्रम नुसता बदलला तरी शुगर कमी उसळते. खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटर लावून बघा, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.

घावणे चालतील पण पिठात निम्मं मुगाच्या डाळीचं वाटण घालून, आणि नारळाच्या दुधात बुडवून मऊ करून, अर्थात रसात गूळ घालायचा नाही. आंबोळी आंबलेली असल्याने काहींना चरचरते.

प्यायला पाणी सारखं थोडं थोडं, गार पाण्याचा घोट तोंडात धरून ठेवला तर बरं वाटतं. ताक त्याच दिवशीचं, गोड. सोलकढी अर्थातच बंद पण कोकम न घालता नारळाचं पातळ दूध, जिरं, कोथिंबीर, कणभर मीठ असं गार करून प्यायलं तर मस्त लागतं. शहाळं कधीतरी अर्धं, त्यात साखर असतेच, आणि किडनीचा प्रॉब्लेम असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच. उन्हाळ्यात अलिबाग पालघरकडे ताडगोळे मिळतात, वरचं तुरट साल काढून गार ताडगोळा जिभेवर ठेवायचा, त्यासारखं सुख नाही, एक दोन पुरे. पिकलेल्या पपईच्या चार फोडी चालतात. हापूसबद्दल मी काही बोलत नाही, ते तुम्ही आणि तुमचं मीटर बघून घ्या.

घरगुती उपायात साजूक तूप किंवा खोबरेल जिभेवर लावणं ठीक. मध लावू नका, शेवटी ती साखरच आहे आणि तोंडात रेंगाळते. ज्येष्ठमध रोज चघळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जास्त झालं तर बीपी वाढतं. मेडिकलमधल्या चघळायच्या गोळ्या आणि व्हिटॅमिनची सिरपं यातही साखर असते, लेबल वाचा. गुळण्या करायच्या तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, मिठापेक्षा हा कमी झोंबतो, थुंकून टाकायचा, गिळायचा नाही. झणझणीत माउथवॉश आणि लवंगवाली टूथपेस्ट काही दिवस बाजूला. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात.

गोळ्या इन्शुलिनचं मात्र नीट ऐका. जीभ दुखतेय म्हणून जेवण निम्मं झालं आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन नेहमीइतकंच घेतलं तर शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड झाली की लगेच तपासा, ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सपाट तीन चार छोटे चमचे, पाण्यात विरघळवून प्या (संत्र्याचा ज्यूस झोंबेल), १५ मिनिटांनी परत तपासा. पण स्वतःच्या मनाने औषध बंदही करू नका, डॉक्टरांना फोन करून डोस विचारा.

आणि मुळात जीभ का दुखतेय हे शोधलं पाहिजे, जेवण बदलून नुसतं निभावून नेता येतं. दह्यासारखे पांढरे डाग, पुसले की खाली लालभडक, तर बुरशी असू शकते, त्यावर औषध आहे. फक्त डॉक्टरांना शुगरच्या गोळ्यांची नावं सांगा कारण फ्लुकोनाझोलसारख्या बुरशीच्या काही गोळ्यांनी ग्लिमेपिराइडचा जोर वाढतो आणि शुगर पडते. जीभ गुळगुळीत लाल, पायाला मुंग्या, थकवा असं असेल आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिनने ते शोषलं जाणं कमी होतं, त्यामुळे रोज बांगडा खाणाऱ्यालाही कमी पडू शकतं. पण टेस्टच्या आधीच मेडिकलमधून बीकॉम्प्लेक्स आणून खाल्लं तर रिपोर्ट चांगला दिसतो आणि खरं कारण दडून राहतं. लोहाची कमतरता, टोकदार दात, बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडं पडणारं तोंड, ही पण कारणं असतात.

दोन आठवड्यात भरून न येणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर थेट डेंटिस्टकडे किंवा सरकारी हॉस्पिटलला. मिश्री लावणारे, तंबाखू आणि सुपारी खाणारे तर लगेचच, श्रीवर्धनची सुपारी कितीही नावाजलेली असली तरी.

बरं वाटायला लागलं की एकदम मूळ पदावर जाऊ नका. आधी जेवण जरा गरम, मग कढीत एखादं कोकम टाकून शेवटी काढून घ्यायचं, त्याने चरचरलं नाही तर दोन दिवसांनी सोलकढी, मग मसाला पाव चमचा. तिरफळ घातलेला बांगडा, भाजलेलं सुकं बोंबील आणि पापड सगळ्यात शेवटी.