सिकेटरच्या म्यानासाठी रिव्हेट, दोरा, बटण: चामडं कापण्याआधीची तयारी

द्राक्षाच्या ऑक्टोबरमधल्या गोडी (फळ धरण्यासाठीच्या) छाटणीसाठी सिकेटरचं, म्हणजे छाटणीच्या कात्रीचं, म्यान घरीच करायचं ठरवलं असेल, तर चामड्यावर रापी (चामडं कापायचं पातं) चालवण्याआधी जोडणीचं सगळं सामान समोर मांडून घ्या. रिव्हेट किती जाड, दोरा कुठून जाणार, बटण लागणार की नाही, हे ठरल्यावरच कडेला किती जागा सोडायची ते कळतं. आधी कापलं की मग जे हाताशी असेल ते ठोकलं जातं.

सगळ्यात आधी धातू तपासा. बाजारात पितळी म्हणून मिळणारे बरेच रिव्हेट आतून लोखंडी आणि वरून मुलामा दिलेले असतात. खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर तो रिव्हेट बाजूला. द्राक्षबागेत याबाबत हयगय करू नये, कारण मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) आणि लोखंडाचं वाकडं आहे, मोरचूद लोखंड खातं. बोर्डो, म्हणजे फवारणीचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, तयार झाल्यावर आपण त्यात विळ्याचं पातं बुडवून बघतो, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजतो. विळ्याच्या जागी मुलामा गेलेला रिव्हेट असला तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं असतं तसं असेल, तर ओल लागताच त्यातलं टॅनिन लोखंडाला धरतं आणि भोवती काळा डाग पडतो. तो जात नाही. तांब्या-पितळेवर पुढेमागे हिरवट मेणचट थर येतो, पण तो फडक्यानं पुसता येतो. म्हणून वायसरसह येणारे भरीव तांब्याचे रिव्हेटच घ्या. दोन टोप्यांचे पोकळ रिव्हेट दिसायला सुबक असले तरी ताण आला की सुटतात.

लांबी मोजून घ्या. चामडं ३ मिमीचं, पुढचा भाग, मागचा भाग आणि मध्ये कडेची पट्टी धरून तोंडाशी जाडी ९ मिमी होते. वायसरचा साधारण १ मिमी आणि ठोकून पसरवायला २ मिमी धरा, म्हणजे दांडी निदान १२ मिमी हवी. कमरेचा पट्टा ओवायच्या गाळ्यापाशी दोनच थर असल्यानं तिथे ९ मिमी पुरते. दांडी जास्त असेल तर कटरनं तोडा. वाकवून दाबू नका. भोक दांडीला घट्ट बसेल एवढंच पाडा.

मधली पट्टी टाळू नका. ती नसली तर पातं थेट टाक्यांवर घासतं आणि दोरा कापला जातो. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, ०.८ ते १ मिमीचा. सुती दोरा घामानं कुजतो. दोन सुयांनी समोरासमोर टाका घालायचा, म्हणजे एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. टाके ५ मिमीवर आणि जाडी ९ मिमी असेल तर शिवणीच्या सहापट दोरा आणि वर दोन वीत जास्तीचा कापून ठेवा.

म्यानाचा भार दोऱ्यावरच असू द्या. रिव्हेट तोंडाच्या दोन्ही टोकांना, जिथे सिकेटर काढता-घालताना शिवण फाकते, तिथे एकेक पुरे. गाळ्याला मात्र दोन हवेत, एकावर म्यान फिरत राहतं. हे गाळ्याचे रिव्हेट शिवण घालण्याआधीच ठोकून घ्या. पिशवी शिवली की आत ऐरण जात नाही. त्यांचं सपाट डोकं आतल्या बाजूला ठेवून त्यावर पातळ चामड्याचा तुकडा चिकटवा, नाहीतर पात्याची धार त्यावरच बोथट होईल.

टिचबटण मला छाटणीच्या म्यानाला अनावश्यक वाटतं. दिवसभर हात आत-बाहेर होतो, तोंड घट्ट असलं की सिकेटर पडत नाही. वेल्क्रो तर नकोच, त्यात पालापाचोळा अडकतो. मोटरसायकलवरून न्यायचं असेल आणि बटण लावायचंच असेल, तर १५ मिमी टोपीचं मोठं घ्या आणि त्याची नळी चामड्याला पुरते का ते पाहा. पुरत नसेल तर तेवढ्याच जागी आतून चामडं रापीनं तासून पातळ करा.

चामडं घेताना त्याच जाडीचे चार-पाच तुकडेही मागून आणा. त्यावर एक रिव्हेट आणि एक बटण ठोकून पक्कडीनं ओढून बघा. रिव्हेट हलला तर भोक मोठं झालंय, पंच एक नंबरनं लहान घ्या. तळाशी पाणी निथळायला एक भोक आखून ठेवा, मग रापी उचला.