ब्रिटन सरकारकडून व्यापार कराराची माहिती कशी काढावी

ब्रेक्झिटनंतर ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराचा सरकारी परिणाम-अहवाल मी रात्री जागून वाचला. 2035 पर्यंत जीडीपीत भर किती, तर सुमारे 0.08 टक्के! तेव्हापासून कुठलाही करार आला की मी आधी त्याचा असा अहवाल उघडते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

जे छापलेलं नाही ते 2000 च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागा. साधा ईमेल पुरतो, कारण द्यावं लागत नाही. पण ‘कराराची सगळी कागदपत्रं द्या’ असं मोघम लिहू नका. माझा पहिला अर्ज माहिती शोधण्याच्या खर्चाची मर्यादा ओलांडतो म्हणून फेटाळला गेला. केंद्रीय खात्यांसाठी ती 600 पौंड आहे. मग लिहिलं, ‘गोमांस आयातीबद्दल शेतकरी संघटनांबरोबर मार्चमध्ये झालेल्या बैठकांची टिपणं’. ती मिळाली. अर्ध्या ओळींवर काळ्या पट्ट्या होत्या, पण तारखा आणि विषय स्पष्ट दिसत होते, आणि मला तेच हवं होतं.

उत्तराची मुदत 20 कामकाजाचे दिवस. तारीख लिहून ठेवा. परराष्ट्र संबंधांचं कलम 27 दाखवून नकार आला तर खचू नका. त्या कलमातही लोकहिताचा विचार करणं खात्याला बंधनकारक आहे. आधी त्याच खात्याकडे फेरतपासणी मागा, मग माहिती आयुक्तांकडे तक्रार करा.