नदीच्या जुन्या उतारांची नोंद कशी करावी

आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या जुन्या आठवणी वह्यांत उतरवून ठेवल्या. मराठवाड्यातही, विशेषतः जायकवाडी धरणाने गोदाकाठची गावे जिथे पाण्याखाली गेली त्या पैठण परिसरात, नदीच्या उतारांच्या, म्हणजे पायी किंवा गाडीने नदी ओलांडायच्या उथळ जागांच्या, आठवणी टिपण्याचे असेच काम तातडीने व्हायला हवे.

प्रथम भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्यावा. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषांनी आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. मग गावातल्या जाणत्यांना केवळ ‘उतार कुठे होता’ एवढेच न विचारता, बैलगाडीच्या आसापर्यंत पाणी चढले की काय करीत, चाक कुठल्या वाळूत रुतायचे, पलीकडच्या कोणत्या झाडाचा नेम धरून पात्रात शिरायचे, हे विचारावे. उत्तर त्यांच्याच बोलीत लिहावे. उन्हाळ्यात पात्र उघडे पडल्यावर, प्रकृती साथ देत असेल तर, त्यांनाच काठावर नेऊन जागा नकाशावर खूण करून घ्यावी.