आजारपणात आरोग्य विम्याचा हप्ता झेपेनासा झाला तर काय करावं

कर्करोगाचे उपचार चालू आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं आहे किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, आणि अशात नूतनीकरणाची नोटीस येते. आकडा पाहून ‘यंदा भरूच नये’ असं वाटणं साहजिक आहे. हप्ता कमी करण्याचे जे उपाय एजंट आणि ओळखीचे लोक सुचवतात, ते बहुतेक धडधाकट माणसासाठी बेतलेले असतात. त्याचा खर्च झाला तर होणार असतो, तुमचा मात्र होणारच आहे. त्यामुळे तेच उपाय तुम्हाला महागात पडू शकतात. खाली दिलेला क्रम भारतातल्या पॉलिसीधारकासाठी आहे.

१. आधी पॉलिसी चालू ठेवा

निदान झाल्यानंतर नवी पॉलिसी सहजासहजी मिळत नाही. मिळालीच तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम न मिळण्याचा काळ, लागू शकतो. ही मर्यादा पूर्वी चार वर्षांची होती, एप्रिल २०२४ पासून ती तीनवर आली. पण दर महिन्याला केमोथेरपी घेणाऱ्याला या कपातीचा काय उपयोग?

आणखी एक गोष्ट खंड पडला की हातची जाते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की ‘तुम्ही माहिती लपवली होती’ असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. त्यासाठी तिला फसवणूक सिद्ध करावी लागते. ही मुदतही २०२४ मध्येच आठ वर्षांवरून पाचवर आली. मध्येच पॉलिसी सोडली तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

वर्षाची रक्कम एकदम उभी राहत नसेल तर मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय आहे का ते विचारा. मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि बाकी सगळ्यांना ३० दिवसांची सवलतीची मुदत मिळते. वार्षिक हप्ता भरणाऱ्यांनी मात्र त्या ३० दिवसांत विमा संरक्षण चालूच आहे असं गृहीत धरू नये. त्या मुदतीत सलगता टिकते, पण नेमकं तेव्हाच रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर खर्च स्वतःच्या खिशातून जाऊ शकतो.

२. हप्ता का वाढला, हे लेखी विचारा

‘तुम्ही क्लेम घेतलात म्हणून वाढला’ असं कोणी तोंडी सांगितलं तर ते मान्य करू नका. केवळ तुमच्या क्लेममुळे केवळ तुमचा हप्ता वाढवता येत नाही. वाढ करायची तर त्या योजनेतल्या सगळ्यांसाठी करावी लागते. आधीच्या वर्षांत क्लेम घेतले या कारणावरून नूतनीकरणही नाकारता येत नाही. वय पुढच्या गटात गेलं म्हणून झालेली वाढ मात्र नियमात बसते. ज्येष्ठ नागरिकांसाठी जानेवारी २०२५ पासून आणखी एक अट आहे: वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे इर्डाईशी, सल्लामसलत करावी लागते.

पावतीही नीट वाचा. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

३. हप्ता एकटा पाहू नका, वर्षाचा हिशेब मांडा

इथे घाई नको. एका कागदावर गेल्या वर्षभराची रुग्णालयाची बिलं, कंपनीने त्यातले दिलेले पैसे, तुमच्या खिशातून गेलेले पैसे आणि हप्ता लिहा. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे तुमचा खरा खर्च, आणि कमी करायची आहे ती ही बेरीज.

समजा वर्षाची बिलं सहा लाखांची होतात आणि कंपनी म्हणते, २० टक्के को-पे (प्रत्येक बिलातला तुमचा वाटा) स्वीकारा, हप्ता १५ हजारांनी उतरेल. ऐकायला बरं वाटतं. पण सहा लाखांचे २० टक्के म्हणजे १ लाख २० हजार, तेही दरवर्षी. हप्त्यात १५ हजार वाचवून तुम्ही १ लाख ५ हजारांनी खड्ड्यात गेलात. डिडक्टिबलचं, म्हणजे कंपनीने पैसे देण्याआधी तुम्ही भरायच्या ठरलेल्या रकमेचंही तेच. पहिले एक लाख तुमचे आणि हप्त्यात ३० हजारांची सूट, असा प्रस्ताव असेल तर ते एक लाख दरवर्षी जाणारच आहेत, म्हणजे ७० हजारांचा तोटा. उलट उपचार संपून आता फक्त तपासण्या चालू असतील आणि रुग्णालयात भरती होण्याची वेळ क्वचितच येत असेल, तर हेच डिडक्टिबल फायद्याचं ठरू शकतं. पुढच्या दोन वर्षांत काय काय लागेल, हे आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच ठरवा.

टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी, घ्यायचा विचार असेल तर फरक समजून घ्या. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक भरतीला वेगळं मोजतात, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात. डायलिसिस किंवा केमोचं एकेक बिल लहान असतं, त्यामुळे साध्या टॉप-अपचा दरवाजा उघडतच नाही. शिवाय निदानानंतर घेतलेल्या कोणत्याही नव्या टॉप-अपला छाननी आणि वेटिंग पिरियड लागतोच.

मग कापायचं काय? जोडून घेतलेले फायदे आधी तपासा: प्रसूती संरक्षण, दैनिक रोख भत्ता, परदेशातले उपचार, न वापरलेलं ओपीडी संरक्षण. विमा रक्कम कमी करणं हा शेवटचा पर्याय ठेवा. रक्कम निम्मी केली तरी हप्ता निम्मा होत नाही, आणि पुढे ती पुन्हा वाढवायची म्हटली तर कंपनी नव्याने तपासणी करते.

४. फ्लोटर असेल तर निरोगी माणसांना बाहेर काढा

कौटुंबिक फ्लोटरचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीचा, हप्ता सहसा घरातल्या सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो. अशा वेळी ‘आजारी माणसाची वेगळी पॉलिसी काढा’ असा सल्ला मिळतो. करायचं नेमकं याच्या उलट: तरुण, निरोगी सदस्यांसाठी नवी स्वस्त पॉलिसी घ्या आणि जुनी पॉलिसी आजारी माणसाच्या नावे राहू द्या. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत कोणाचंही नाव जुनीतून काढू नका आणि मुख्य पॉलिसीधारक बदलत असेल तर सलगता कायम असल्याचं कंपनीकडून लेखी घ्या.

चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, म्हणजे पोर्ट करण्याचा, हक्क आहे, वेटिंग पिरियडचा जमा झालेला काळही सोबत जातो. पण नव्या कंपनीला नकार देण्याचा हक्क आहे. त्याच कंपनीच्या स्वस्त योजनेत जाणं जास्त सोपं असू शकतं, तिकडे आधी विचारा. अर्जात आजार लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो एजंटच बदला.

५. काही भार दुसरीकडे वळवा

आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. खासगी पॉलिसी असली तरीही. एका घरात असे दोघे असतील तर रक्कम दोघांत मिळून पाच लाख. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षणही पाच लाखांचं आहे. ज्या रुग्णालयात उपचार घेता ते यादीत आहे का आणि तुमचा उपचार पॅकेजमध्ये बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. या योजना आहेत म्हणून खासगी पॉलिसी सोडू नका, कारण हवं ते औषध किंवा हवं ते रुग्णालय त्यात असेलच असं नाही. ठरलेले, वारंवारचे उपचार तिथे बसले तर खासगी विम्याची रक्कम मोठ्या प्रसंगासाठी शिल्लक राहते.

नोकरीतली सामूहिक पॉलिसी असेल तर क्लेम आधी तिच्यावर घ्या. दोन पॉलिसी असतील तर कुठली आधी वापरायची हे तुम्ही ठरवू शकता. नोकरी सोडण्यापूर्वी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, याची चौकशी राजीनामा देण्याआधी करा, नंतर नाही.

जुन्या कररचनेत असाल तर हप्त्यावर वजावट मिळते: साधारण २५ हजारांपर्यंत, ज्येष्ठांसाठी ५० हजारांपर्यंत. नव्या कररचनेत ती नाही.

६. क्लेममधले पैसे सोडू नका

खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल आणि तुम्ही त्याहून महाग खोली घेतली, तर फक्त फरकच नाही, डॉक्टरांच्या फीसारखे इतर खर्चही त्या प्रमाणात कापले जातात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चावर मात्र अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. बिलात ती झालेली दिसली तर हरकत घ्या. गंमत म्हणजे बिल इतकं लांबलचक असतं की बहुतेकांची नजर थेट शेवटच्या आकड्यावरच जाते.

क्लेम नाकारला तर पॉलिसीतल्या कोणत्या अटीखाली, ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे अर्ज करा. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची सुनावणी तिथे होते. अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा, त्यामुळे ते पत्र आल्याची तारीख लिहून ठेवा. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत, अर्ज ऑनलाइनही करता येतो. सोबत पॉलिसीची प्रत, डिस्चार्ज कार्ड, नकाराचं पत्र आणि कंपनीशी झालेला ईमेल व्यवहार जोडा. रुग्णाला स्वतः धावपळ जमत नसेल तर घरातल्या एकाला हे सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवायचं काम द्या.