चुलवाण पेटण्याआधी: गुऱ्हाळावरच्या डिझाइन प्रकल्पाची तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा, आणि ते विद्यापीठाचं नको. कोल्हापूरच्या आसपासची गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास सुरू होतात, पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात आणि उन्हं तापायला लागली की एकेक चुलवाण, म्हणजे रस आटवायची भट्टी, थंड होत जातं. मेकॅनिकल, अन्नतंत्र, कॉमर्स, समाजशास्त्र आणि कलेची मुलं एकत्र घेऊन गुऱ्हाळावर डिझाइन शिकवायचं असेल, तर तो प्रकल्प दुसऱ्या सत्रातच बसतो. जून-जुलैत नेलीत तर रिकामी काहिल (रस आटवायची मोठी कढई) आणि गवत माजलेलं आवार बघून पोरं परत येतील. पावसात गावभेटी ठेवूही नयेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद झाला होता. पावसाळा मात्र वाया घालवू नका. गुऱ्हाळमालकाला याच दिवसांत निवांत बोलायला वेळ असतो, तेव्हा शिक्षकांनी एकट्यानं जाऊन बसायचं ते आत्ताच.

त्या बैठकीत काय ठरवायचं? कुठल्या आठवड्यात किती मुलं आली तर चालतील, दिवसातल्या कुठल्या आधणाला, म्हणजे रसाच्या कुठल्या खेपेला यायचं, गुळव्याशी, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराशी, बोलायचं ते कधी. गूळ धरायची वेळ जवळ आली की गुळव्या कुणाशी बोलत नाही, आणि बोलू नयेच. पाक ११८ अंशांच्या आसपास पोचतो, तो थोडा पाण्यात टाकून गोळी कशी वळते ते बघतो आणि काहिल उतरवायची की नाही ते ठरवतो. थर्मामीटर घेऊन गेलेल्या पोरांनी आधी त्याचा हात बघावा, आकडा नंतर. फोटोंची परवानगी तोंडी नको, साध्या मराठीत एक कागद करा. त्यात मालकाचं आणि गावाचं नाव अहवालात येणार नाही हेही लिहा. ते का, ते पुढे येईलच.

आता प्रश्न. तो मुलांच्या हातात देण्याआधी शिक्षकांनी स्वतः चावून बघायला हवा. ‘गुऱ्हाळ आधुनिक करा’ हा प्रश्न नव्हे. असा विषय दिलात की महिन्याभरात सगळे गट पॅकिंगवर येऊन थांबतात, कारण खोका आणि लेबल वर्गात बसून करता येतं. पॅकिंग हंगाम अर्धा होईपर्यंत बंद ठेवा, सरळ सांगा. त्याऐवजी हे विचारा: गूळ पिवळाधमक का हवा असतो?

यात सगळं येतं. सौद्यात भाव रंगावर ठरतो. रस जास्त वेळ उकळला की गूळ काळपट होतो, म्हणून काही ठिकाणी रंग उजळवायला हायड्रॉस या रसायनाची पावडर टाकतात. ती बंद करा म्हटलं तर माल तांबूस दिसतो आणि मालकाच्या रव्याचा, म्हणजे मोठ्या ढेपेचा, भाव पडतो. मेकॅनिकलचा मुलगा म्हणेल, चुलवाणाची रचना बदलू, चिपाड कमी जळेल आणि रस लवकर आटेल. अन्नतंत्रवाली म्हणेल, भेंडीच्या पाण्यानं मळी, म्हणजे उकळत्या रसावर येणारा मळ, नीट काढली आणि चुन्याचं प्रमाण सांभाळलं तर निम्मं काम होतं. तेवढ्यात समाजशास्त्राची मुलगी फडात जाऊन येते आणि सांगते की ऊस काल तुटलाय, गाडी उशिरा आली, तोडणीची टोळी दुसरीकडे अडकलीय. तुटलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर विघटन पावते आणि गूळ नीट धरत नाही. म्हणजे दोष काहिलीत नव्हताच. कॉमर्सचा मुलगा यार्डातून येऊन म्हणतो, ३० किलोचा रवा घेणारा व्यापारी रंग बघतो, पण अर्ध्या किलोची ढेप घेणारी बाई वेगळं काही विचारते. प्रत्येकाचं बरोबर आहे आणि कुणाचंच पुरेसं नाही. ही अडचण वर्गात व्हायला हवी, तिच्यासाठीच एवढी खटपट. मालकाचं नाव गुप्त ठेवायचं ते हायड्रॉसमुळे. तक्रार करायला आलेत असं वाटलं की पुढच्या भेटीला दार बंद.

वेळापत्रक ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात अवघड बाब. पाच विभागांची एकच दुपार मोकळी मिळवायची, तर विभागप्रमुखांकडे सप्टेंबरातच जावं लागतं. डिसेंबरात गेलात तर प्रॅक्टिकलच्या बॅचेस लागलेल्या असतात. नव्या शैक्षणिक धोरणातल्या फील्ड प्रोजेक्ट किंवा समाजसहभागाच्या क्रेडिटमध्ये हे बसवता येतं. पण हिशेब करा: २ क्रेडिट म्हणजे साधारण ६० तास. जाऊन-येऊन पाच तासांची एक भेट धरली तर पाच भेटींत २५ तास संपले, उरलेल्यात विचार, चित्रं, नमुना, दुरुस्ती. स्टॅनफर्डमध्ये १९६७ पासून चालणारा, कंपन्यांकडून प्रश्न घेऊन शिकवणारा अभ्यासक्रम पूर्ण शैक्षणिक वर्षभर असतो. आपल्याकडे एकच सत्र असेल तर प्रश्नाचा तेवढाच तुकडा घ्या, नाहीतर दोन सत्रं मागून घ्या. मधला मार्ग मला तरी दिसलेला नाही.

गट करताना मैत्रीवर सोडू नका. प्रत्येक गटात वेगळ्या शाखेचे चार-पाच जण. एकाच शाखेची पोरं जमली की ती आपल्याच भाषेत बोलतात आणि इतरांना ‘रिपोर्ट लिहायला’ बसवतात. हे विशेषतः मेकॅनिकलवाल्यांना सांगून ठेवा. गुण अर्धे गटाला, अर्धे एकेकट्याच्या रोजनिशीला. रोजनिशीत बघितलेलं लिहायचं, मत नाही: किती वाजता काहिल चढली, चुलीत जाळ कोण घालतं, मळी कुठं फेकतात. परीक्षकांना हे आधी समजावा, नाहीतर तोंडी परीक्षेला ते ‘थिअरी’ विचारतात.

सुरक्षिततेचं लांबवत नाही. बंद बूट, सुती कपडे, ओढणी नको, केस बांधलेले, चरकाच्या पट्ट्यापासून लांब, भाजण्यावरची प्रथमोपचार पेटी गाडीत. विमा आणि पालकांची संमती फाइलला. आणि जे कुणी लिहीत नाही ते: मुलींसाठी स्वच्छतागृह. बहुतेक गुऱ्हाळांवर ते नसतं. जवळच्या शाळेत किंवा कुणाच्या तरी घरी आधी विचारून ठेवा, ते न करता बस काढू नका. जेवणाचा डबा न्यावा, पण वाटीभर रस पुढे केला तर नको म्हणू नये. गुळव्याला ‘मामा’ म्हणा, ‘अंकल’ नको. पहिल्याच भेटीत एक मामा म्हणाले होते, “पोरं आणा की सर, पर येकदा आणून फोटू काढून जाणार असशीला तर नगा आणू.”

अंतिम सादरीकरण हंगाम संपायच्या आत गुऱ्हाळावरच ठेवा; सभागृहातलं नंतर कधीही करता येतं. त्या दिवशी मालकाच्या हातात एका पानाचा मराठी कागद पडायला हवा: चित्र, मापं, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये चौकशी करून काढलेला खर्च, आणि त्या मापांवरून तिथला फॅब्रिकेटर काम करू शकेल एवढी स्पष्टता. नमुना कुणाकडे राहणार आणि बिघडला तर फोन कुणाला करायचा हेही खाली लिहा. नंबर विद्यार्थ्याचा नको, विभागाचा द्या. पोरं उन्हाळ्यात पास होऊन निघून जातात.