सावरीची उशी घेताना काय पाहावं

उशी दाबून मऊ लागली की बरेच जण लगेच पैसे देतात. पण नवी उशी मऊच लागते, मग आत फायबर म्हणजे कृत्रिम धागा असो, गिरणीतला टाकाऊ कापूस असो की अस्सल सावरी, म्हणजे सावरीच्या झाडाच्या बोंडांतला कापूस. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे शिवून ठेवलेली उशी घेण्यापेक्षा समोर उभं राहून भरून घ्यावी. ते जमत नसेल तर एका कोपऱ्याची दोन इंच शिवण उसवून दाखवायला सांगावं. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं दुकान गाठावं.

चिमूटभर माल हातात घ्या. सावरीला फिकट पिवळसर छटा आणि रेशमासारखी चमक असते. पांढराफेक माल दिसला तर फायबर किंवा साध्या कापसाचा संशय घ्यावा. मग बोटांत धरून पीळ द्या. कापसाचा दोरा होतो. सावरीचा होत नाही, कारण तिचा तंतू गुळगुळीत आणि ठिसूळ, तो निसटतो नाहीतर तुटतो. ही परीक्षा सगळ्यात भरवशाची. शंका उरली तर चिमूट वाटीभर पाण्यात बोटाने बुडवा: तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असल्याने सावरी पुन्हा वर येते. जाळून पाहायचं तर दुकानाबाहेर, मालापासून लांब आणि अगदी थोडं, कारण सावरी भपकन पेटते. तिची मऊ राख होते. फायबर वितळतं आणि त्याची कडक गोळी उरते.

बिया तर पाहायलाच हव्यात. सावरी काठीने झोडून बिया वेगळ्या करतात, यंत्रात पिंजत नाहीत. पिंजली की तंतूंचा भुगा होतो, उशीतून धूळ उडते आणि ती लवकर बसते. मूठभर मालात चार-पाच काळ्या बिया लागल्या तर झोडणी कच्ची समजावी. तुम्ही बियांचं वजन विकत घेताय आणि त्या रात्री डोक्याला टोचणारही आहेत.

खोळीला घट्ट विणीचा गादीपाट हवा. कापड उजेडासमोर धरलं आणि भोकं दिसली तर ते नको, त्यातून तंतू बाहेर येत राहतात. शिवण बारीक टाक्यांची आणि दुहेरी घ्यावी. साधारण १६ बाय २४ इंचाच्या उशीला १ किलोच्या आसपास सावरी लागते. कमी भरली तर महिन्याभरात मधे खळगा पडतो. फार ठासली तर मान अवघडते. रिकामी खोळ आधी तोलून घ्या, म्हणजे कापडाचं वजन सावरीच्या भावात जाणार नाही.

खरेदी उन्हाळ्यात करावी. बोंडं तेव्हाच फुटतात, माल ताजा आणि कोरडा मिळतो. पावसाळ्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, उघड्यावर ठेवलेला माल दमट होतो आणि त्याला कुबट वास येतो. असा वास उन्हात घालूनही पूर्ण जात नाही. घरात कुणाला दमा असेल तर उशी घरी भरू नये; भरणाऱ्यानेही नाकाला फडकं बांधावं.

ही उशी धुवायची नाही. अभ्रा धुवावा, उशी पंधरवड्याला दोन-तीन तास उन्हात टाकून हलके थापटावी. दबलेली सावरी पिंजून पुन्हा फुलत नाही, म्हणून उशी बसली की खोळ उसवून पाव किलो ताजी सावरी मिसळून घ्यावी. आतला माल भुग्यासारखा झाला असेल तर तो सगळाच बदलावा.