पावसाळ्यात घोड्याची खुरं कशी सांभाळायची (आपल्या कोल्हापूरच्या पावसात)

आपल्याकडं जून लागला की सप्टेंबरपर्यंत घोड्याच्या पायाखालची जमीन काय वाळत नाही, आणि पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा साईडला तर विचारूच नका. बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असतो की खुराला कुठलं औषध लावू. माझं मत विचाराल तर औषध नंतर बघू, आधी घोड्याला रोज निदान रात्रभर तरी पाय वाळतील अशी जागा करा. ती नसेल तर महागातलं औषध सकाळी लावलं आणि दुपारपर्यंत चिखलात गेलं, एवढाच हिशोब.

खूर म्हणजे आपल्या नखासारखंच केराटिन, पाणी पिऊन मऊ पडतं. मऊ पडलं की तळव्याला खडे टोचतात, नालेचे खिळे ढिले होतात. मग दोन दिवस ऊन पडतं, खूर वाळून आवळतं, परत पाऊस, परत फुगतं, आणि या ये-जा मध्येच भेगा पडतात आणि नाल सुटते. त्यात शेण-मुताचा राडा असला तर मुतातला अमोनिया खूर अजून खराब करतो, आणि तळव्यात चिखल गच्च बसला की हवा लागत नाही, तिथं सडवणारे जंतू मजेत वाढतात.

आता तबेल्याकडं या. सगळ्यात जास्त चिखल कुठं होतो बघा, दारात आणि पाण्याच्या टाकीजवळ, कारण घोडा दिवसभर तिथंच घुटमळतो. अख्खं आवार पक्कं करायला पैसे नसतील तर फक्त ह्या दोन जागा करा. वरची मऊ माती काढून टाका, खाली डबर, त्यावर खडी आणि वर मुरूम नाहीतर क्रश सँड, आणि पाणी निघून जायला एका बाजूला उतार आणि चर. नुसता मुरूम चिखलावर ओतला तर तो पंधरा दिवसांत चिखलात गायब, पैसे पाण्यात. पत्र्याच्या पागोळ्या दारात पडत असतील तर पन्हळ लावून पाणी लांब सोडा, हे काम स्वस्त आहे आणि फरक लगेच दिसतो.

खाली अंथरायला आपल्याकडं भाताचं पिंजर मिळतं, सॉ मिलमधला लाकडाचा भुसा मिळतो. भुसा ओल चांगली शोषतो पण जाडसर घ्या, एकदम बारीक घेतला तर धूळ नाकात जाते. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून टाकतात, पण पावसाळ्यात त्याला बुरशी लागते आणि घोडा ते चघळतो, म्हणून मी तरी नको म्हणेन. अंथरूण बरोबर आहे का हे बघायचं असेल तर घोड्याजवळ गुडघ्यावर बसून वास घ्या, उभ्यानं कळत नाही, खाली डोळ्याला झोंबलं तर घोडा रात्रभर त्यातच उभा आहे असं समजा. ओला भाग रोज काढायचा, नुसतं वरून नवीन पिंजर पसरून झाकायचं नाही.

रोजचं काम म्हणजे चारी पाय उचलून बघणं, सकाळी आणि कामावरून आल्यावर. खूर साफ करायच्या हुकानं टाचेकडून पुढच्या टोकाकडं ओढत घाण काढायची. तळव्याच्या मधी इंग्रजी व्ही सारखा रबरी भाग असतो, त्याला डॉक्टर फ्रॉग म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूच्या खाचा नीट मोकळ्या करायच्या, पण हुकाचं टोक फ्रॉगमध्ये खुपसायचं नाही. सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. फ्रॉगच्या मागच्या बाजूला, दोन टाचांच्या बरोबर मधी, एक खळी असते. चांगल्या खुरात ती उथळ आणि रुंद असते, बोट फिरवलं तरी कळतं. ती जर अरुंद चिरेसारखी झाली असेल, कापूस गुंडाळलेली काडी आत बुडत असेल आणि बाहेर काढल्यावर तिला काळपट, चिकट घाण लागून नाक मुरडायला लावणारा वास येत असेल, तर थ्रश, म्हणजे फ्रॉग सडायचा रोग, झालाय. घोडा लंगडत नाही म्हणजे काय नाही असं समजू नका, सुरुवातीला लंगडत नाहीच.

थ्रश असेल तर आधी ब्रशनं धुवा, मग कापडानं पुसून कोरडं करा, ही कोरडं करायची पायरी सगळे खातात. सुटलेला सडका भाग नालबंद किंवा डॉक्टरकडून काढून घ्या. मग पोव्हिडोन आयोडीन, किंवा मोरचूद एका लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे 5 टक्के, कापूस भिजवून त्या चिरेत हलका बसवायचा आणि रोज बदलायचा. कडक केलं की लवकर बरं होईल असं काही नसतं, उलट जिवंत मांस भाजतं. रक्त येत असेल किंवा लाल मांस दिसत असेल तर मोरचूद लावूच नका. आणि मोरचूद विष आहे, बादली घोड्याच्या आणि पोरांच्या तोंडापासून लांब ठेवा.

गॅरेजमधलं काळं ऑइल खुराला चोपडायची एक जुनी खोड आहे. नको. ओल्या खुरावर कुठलंही तेल थापलं की ओल आतच कोंडते, आणि वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये काय काय असतं ते तर बोलायलाच नको.

नालबंदाचं म्हणाल तर इथं एक गंमत होते. आषाढी एकादशी झाली की लग्नं बंद, वरातीच्या घोड्याला काम नाही, मग मालक म्हणतो आता कशाला नालबंद, दसऱ्याला बघू. पण खूर काय चातुर्मास पाळत नाही, ते महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतच राहतं, म्हणजे चार महिन्यांत अडीच ते चार सेंटिमीटर. पुढचं टोक लांब होतं, टाच खाली दबते, खाचा बंद होतात आणि त्यात चिखल. काम असो नसो, 4 ते 6 आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे. घोडा महिनोन्‌महिने बसूनच राहणार असेल तर नाला काढून ठेवाव्यात का हे त्याला विचारा, डांबरी रस्त्यावर चालणार असेल तर नको.

बसून असलेल्या घोड्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, पण कमी करा. आपल्याकडं गूळ भरपूर, हौसेनं हरभऱ्यात टाकतात, पण काम नसताना जादा दाणा-गूळ पडला की लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या भागाला सूज, होऊ शकतो. घोडा पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभा राहत असेल, खुरं गरम लागत असतील, घोट्याच्या मागं बोट ठेवल्यावर नाडी जोरात उडत असेल, तर दाणा बंद करून लगेच डॉक्टर, सकाळची वाट बघायची नाही.

एकाच पायाला अचानक एवढं लंगडतोय की पाय टेकतच नाही, तर हाड मोडलं म्हणून घाबरतात, पावसाळ्यात बऱ्याचदा तो खुराच्या आत साठलेला पू असतो. तरी ठरवायचं डॉक्टरनंच. स्वतः चाकूनं कोरायचं नाही. तळव्यात खिळा घुसला असेल तर शक्यतो डॉक्टर येईपर्यंत काढू नका, आत किती आणि कुठल्या दिशेला गेलाय ते त्यांना बघू दे. पाय टेकून अजून आत जाणार असेल तर मात्र काढा, पण आधी मोबाईलवर फोटो घ्या आणि जागेवर खूण करा. धनुर्वाताची लस झालेली आहे का ते तेव्हा नाही, आत्ताच तपासा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि त्याचे जंतू माती-शेणातच असतात.

खुराच्या वर, घोट्याच्या मागच्या खळगीत खपल्या धरल्या तर त्या उपटू नका. कोमट पाणी आणि सौम्य अँटीसेप्टिकनं मऊ करा, निघतील तेवढ्या काढा आणि टॉवेलनं पूर्ण कोरडं करा. रोज पाईपनं पाय धुवायची सवय असेल तर तीही कमी करा, चिखल वाळू द्या आणि मग ब्रशनं झाडा. पांढऱ्या पायाच्या घोड्याला हा त्रास जास्त होतो.

आणि नदीकाठच्यांनो, पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, 2019 आणि 2021 ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. 39 ची बातमी आली की घोडा उंचावर हलवा, 43 ची वाट बघू नका. पुराच्या पाण्यात गटार, तारा, काचा सगळं असतं. पाणी उतरल्यावर आधी जागेवरून चालत जाऊन तारा-काचा गोळा करा, मगच घोडा आत घ्या, आणि पुढचा आठवडाभर चारी तळवे रोज दोनदा उजेडात बघा, बॅटरी लावून बघितलं तरी चालेल.